सिस्टरांनी न उघडलेलं दार

काल तपासणीला दवाखान्यात गेले आणि फिनेलच्या वासाने ऐंशीच्या दशकातली रत्नागिरीतली एक दुपार आठवली.

मी तीन दिवसांची बाळंतीण होते. शेजारच्या खाटेवर हलीमा, तीही पहिलटकरीण. बाजारात दोन समाजांत दगडफेक झाली, तशी ख्रिस्ती सिस्टर मार्थांनी दार आतून लावून घेतलं. खिडक्याही बंद केल्या. आत जीव गुदमरत होता.

बाहेरून माझ्या दिराचा आवाज आला. "आमच्या वयनीला सोडा. त्या दुसरीचं काय ते आम्ही बघतो." त्याच्यामागे बरेच जण होते.

सिस्टर दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "येशूने मला पेशंटचा धर्म विचारायला शिकवलं नाही. दार उघडणार नाही."

"सिस्टर, मला जाऊ द्या," मी रडत म्हणाले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मला त्यांचा भयंकर राग आला.

पोलीस येईपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. माझी मुलगी भुकेने रडत होती, तरी उठले नाही. शेवटी हलीमाने तिला पदराखाली घेतलं.

माझ्यासाठी दार उघडलं असतं तर हलीमाचं काय झालं असतं, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. तिला मात्र ते कळत होतं. तरी तिने माझ्या मुलीला पाजलं.