स्ट्रूअन मंकरचा रोजचा किल्ट

इश्बेल रॅट्रेने स्ट्रूअन मंकरला पहिल्यांदा पाहिलं ते मागून, आणि गरजेपेक्षा जास्त पाहिलं.

दोष वाऱ्याचा. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या पिटकार्नीत मार्चमध्ये वारा असतोच, पण त्या सकाळी तो असा काही सुटला होता की समुद्रातले मासे वर येऊन बसस्टॉपच्या आडोशाला उभे राहिले होते. चर्चच्या मनोऱ्यावरचा पत्र्याचा कोंबडा गरगर फिरून चक्कर येऊन पडला. टेकडीवरची एक मेंढी उडाली ती थेट पोस्टाच्या दारात उतरली, आणि तिकीट लावल्याशिवाय तिला परत पाठवायला पोस्टमास्तरांनी साफ नकार दिला. अशा हवेत, डंडीहून नुकतीच राहायला आलेली इश्बेल मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती. विधवा बाई, पंचावन्नच्या पुढची, शाळेच्या ग्रंथालयात उभा जन्म मुलांना "शूऽऽ" म्हणण्यात घालवलेला. तिच्या हातून चादर सुटली आणि कुंपणापलीकडे उडाली. तिच्यामागे धावत इश्बेल कुंपणापाशी पोचली, तर पलीकडे एक गृहस्थ बटाट्यांसाठी सरी ओढत वाकले होते. अंगात स्वेटर, पायांत गमबूट, कमरेला किल्ट, म्हणजे तिकडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चौकड्याचा चुणीदार घागरा. आणि नेमका त्याच क्षणी वाऱ्याने तो किल्ट उचलून गृहस्थांच्या पाठीवर टाकला.

इश्बेलने जी किंकाळी फोडली, ती ऐकून बंदरातल्या बोटी नांगर तोडून डेन्मार्कच्या दिशेने निघाल्या, असं अजून सांगतात. गृहस्थ सरळ झाले. तोवर चादर त्यांच्या अंगाभोवती छान गुंडाळली गेली होती, त्यामुळे ते आता रोमन सम्राटासारखे दिसत होते.

"मी स्ट्रूअन," सम्राट म्हणाले. "चादर चांगली आहे हो तुमची. सुती?"

"लाज नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते अधूनमधून. पण बटाटे लावायचे असतात ना."

किल्टच्या आत काय असतं, हा प्रश्न पिटकार्नीतल्या झाडून सगळ्यांनी स्ट्रूअनला कधी ना कधी विचारला होता. खाटकाने विचारला, दातांच्या डॉक्टरने जबडा उघडा असताना विचारला, आणि चर्चमधल्या दोन म्हाताऱ्यांनी तर दर रविवारी विचारायचा नेम धरला होता. सबंध गावात तो कधीच न विचारणारी एकटी इश्बेल. तिला गरजच उरली नव्हती.

आता किल्टच्या मुलखात किल्ट घातला तर बिघडलं कुठे, असं कुणालाही वाटेल. पण किल्ट असतो लग्नासाठी. तो शुक्रवारी भाड्याने आणायचा, शनिवारी पोट आत ओढून घालायचा, रात्री त्याच्यावर ग्रेव्ही सांडायची आणि सोमवारी काहीच न झाल्यासारखा दुकानात परत करायचा. सभ्य माणसांची ही रीत. गमबुटांवर किल्ट चढवून, ढकलगाडी घेऊन, कोंबडीखत आणायला भर बाजारातून जायचं ही रीत नव्हे.

स्ट्रूअनलाही ही रीत ठाऊक होती. तो आयुष्यभर बस चालवत होता, आणि आयुष्यभर कंपनीने दिलेली पँट घालत होता. त्या पँटचं कापड असं होतं की उन्हाळ्यात उकडायचं, हिवाळ्यात गारठायचं आणि उठताना सीटला चिकटून अर्धं मागेच राहायचं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या पँटी बागेत नेऊन पेटवल्या. त्या जळल्या नाहीत, वितळल्या. ते बघून स्ट्रूअन म्हणाला, "मी हे अंगावर घालत होतो?" आणि तडक धर्मादाय दुकानात जाऊन कुठल्याशा बँडच्या ढोलवाल्याचा जुना किल्ट घेऊन आला.

तिकडे दर घराण्याचा आपापला चौकडा असतो, आणि त्या किल्टचा चौकडा मंकर घराण्याचा नव्हता. एका म्हाताऱ्याने त्याला पोस्टासमोर अडवलं. "अहो, हा दुसऱ्यांच्या घराण्याचा चौकडा आहे! तुम्हाला काय अधिकार?"

"मग त्यांना म्हणावं, मागायला या," स्ट्रूअन म्हणाला. "इथल्या इथे सोडून देतो."

कुणी आलं नाही.

त्या किल्टमध्ये स्ट्रूअनचा सगळा संसार होता. पुढचा पदर धरला की वाटाण्याच्या शेंगांसाठी ओचा तयार. कडेला हात पुसायचे, घोळाने चष्मा. पुढे लोंबणाऱ्या चामड्याच्या बटव्यात सुतळी, बियांच्या पुड्या, कात्री आणि कालचा अर्धा पाव. एकदा वाचनालयात त्याने सभासदाचं कार्ड काढायला बटव्यात हात घातला आणि काउंटरवर बेडूक ठेवला. "हा माझा नाही," तो म्हणाला. वाचनालयाच्या बाईंनी दोघांनाही बाहेर काढलं.

अशा माणसाच्या प्रेमात पडायचं नाही, असं इश्बेलने पहिल्याच दिवशी पक्कं ठरवलं होतं. पण तो चादर परत करायला आला तो धुऊन, इस्त्री करून, वर बागेतल्या आंबट रुबार्बच्या चार दांड्या ठेवून आला. मग तिने मुरंबा दिला. मग त्याने रिकामी बरणी द्यायला तीन फेऱ्या मारल्या, कारण दोनदा तो बरणीच विसरला. उन्हाळा संपेपर्यंत इश्बेल रोज सकाळी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहू लागली. पलीकडे वाफ्यात चौकडा हलताना दिसला की ती हात करायची, तो कुदळ वर करायचा, आणि मग दिवसाला सुरुवात व्हायची.

घोडं अडलं ते बाजारात. एका शनिवारी दोघं बरोबर डॉडी मिल्नच्या मटणाच्या दुकानात गेली. रस्त्यात पर्यटकांनी फोटो काढले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणि डॉडी सुरा परजत आख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडला, "या या! आज काय, दोघीजणी जोडीनं?"

रांग हसली. स्ट्रूअन सगळ्यांत मोठ्याने हसला. इश्बेल मात्र कानापर्यंत लाल झाली. जन्मभर जिने लोकांना गप्प केलं, तिला लोकांचं हसू सोसवेना. मग नोव्हेंबरात स्ट्रूअनने कुंपणापलीकडून, हातात लीकची, म्हणजे जाड्या कांदापातीची, जुडी धरून, लग्नाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हो. पण पँट घालशील तर."

"कायमची?"

"बागेत, बाजारात, सगळीकडे. मला तू हवायस रे स्ट्रूअन. पण तुझ्याबरोबरची वरात नको."

स्ट्रूअनने खाली बघितलं. गुडघ्यांचा निरोप घेत असावा. मग म्हणाला, "बरं."

त्याने तपकिरी कॉर्डुरॉयची पँट आणली. किल्ट टाकवेना, म्हणून कोबीच्या वाफ्यातल्या बुजगावण्याला नेसवला. आणि मग गंमतच झाली. पिटकार्नीतून स्ट्रूअन मंकर नाहीसा झाला. तो पोस्टात गेला तर पार्सलसाठी त्याच्याकडे ओळखपत्र मागितलं. ज्या कुत्र्याला तो वर्षानुवर्षं बिस्किट देत आला होता, ते त्याच्यावर भुंकलं. चर्चमधल्या म्हाताऱ्यांनी इश्बेलला हळूच विचारलं, "तो किल्टवाला बरा गेला का गं शेवटी? त्रास तर नाही ना झाला फार?"

लोकांचं हसणं थांबलं. इश्बेलला हवं होतं तेच झालं. फक्त स्ट्रूअन आता वाकला की पँट पोटाला काचायची, म्हणून तो वाकेनासा झाला. आणि सारखा खिशात हात घालून उभा राहायचा, जणू चुकलेल्या बसची वाट बघतोय. सकाळी चहा घेऊन इश्बेल खिडकीत यायची, पलीकडे चौकडा हलताना दिसला की हात करायची, आणि मग तिच्या लक्षात यायचं की आपण बुजगावण्याला हात केला. पहिल्यांदा ती स्वतःशीच हसली. नंतर नंतर तिला भीती वाटायला लागली. ज्याला हो म्हटलं तो माणूस वाफ्यात उभा आहे, आणि जो नवरा म्हणून घरात येणार तो कोण आहे?

पण हे बोलायचं कुणाशी? ऑगस्ट आला. लग्न दुसऱ्या दिवसावर आलं आणि तिचा थोरला भाऊ रॉडरिक एडिंबरोहून येऊन दाखल झाला. बँकेतून निवृत्त, मान कडक, आवाज त्याहून कडक. बहिणीला चर्चमध्ये हाताला धरून न्यायचं काम त्याचं. त्यासाठी त्याने उत्तम किल्ट भाड्याने आणला होता.

"तो तुझा माळी पँट घालायला लागला, हे ठीक झालं," रॉडरिक आरशासमोर वळत म्हणाला. "किल्ट कसा घालावा याला संस्कार लागतात. बघ, चुण्या मागे. पट्टा असा. कळलं?"

"कळलं. तो माळी नाही, रॉडरिक."

"बरं, ड्रायव्हर. बघू तरी काय पिकवतो ते." आणि तो रुबाबात कुंपणाचं फाटक ढकलून पलीकडे गेला, वाफ्यापाशी थांबला, आणि बटाटे किती मोठे झालेत ते बघायला माती उकरत खाली वाकला.

इकडे आपल्याकडे लग्नाआधी नवऱ्याला हळद लावतात. पिटकार्नीत नवऱ्याला काळं करतात. मित्रांनी दबा धरून त्याला पकडायचं, काकवी ओतायची, वर काजळी, पीठ, पिसं जे मिळेल ते, आणि मग त्याला गाडीत घालून, भांडी बडवत गावभर मिरवायचं. जितकी काकवी जास्त तितका संसार गोड. डॉडी मिल्न आणि बोलिंग क्लबाची टोळी त्या दुपारी स्ट्रूअनच्या टोमॅटोमागे दबा धरूनच बसली होती. समोर, स्ट्रूअनच्या बागेत, स्ट्रूअनच्या बटाट्यांवर, किल्ट घातलेला एक माणूस पाठमोरा वाकलेला. दुसरा कोण असणार?

"धराऽऽ!"

रॉडरिकच्या डोक्यावर रक्ताच्या सॉसेजची रिकामी बादली पालथी पडली. रिकामी म्हणजे काकवीने भरलेली. वर काजळी आली, पीठ आलं. "मी कोण आहे माहीत आहे का?" बादलीतून आवाज घुमला.

"नवरदेव!" टोळी ओरडली. एवढ्यात मटण भरलेल्या पाईंची पिशवी घेऊन एक तपकिरी पँटवाला फाटकातून आत आला. डॉडीचे हात काकवीने भरलेले. त्याने पिसांचं पोतं त्याच्या हातात कोंबलं. "ओ भाऊ, हे धरा जरा. आणि उघडा, उघडा लवकर, निसटतोय हा!"

स्ट्रूअनने पिशवी खाली ठेवली, पोतं नीट धरलं, तोंड उघडलं आणि म्हणाला, "थोडं इकडून घे डॉडी, वारा तिकडचा आहे."

आवाज ओळखीचा होता. डॉडीचा हात हवेतच थांबला. त्याने पोतं धरणाऱ्याकडे बघितलं. मग बादलीकडे. मग परत पोतं धरणाऱ्याकडे.

"स्ट्रूअन?"

"काय रे?"

"मग हा कोण?"

बादली निघाली. आतून एडिंबरोच्या बँकेचा निवृत्त अधिकारी बाहेर आला, काळाकुळकुळीत, भुवयांवरून काकवी ठिबकत. आणि नेमक्या त्याच वेळी वाऱ्याने पोत्यातली पिसं उचलून त्याच्यावर नीट बसवली. त्यानंतर तो जे काही बोलला ते ऐकून बोलिंग क्लबातली दोन माणसं टोप्या काढून उभी राहिली. शेवटी तो गरजला, "इश्बेल! सामान बांध! हे लग्न होणार नाही! हा गाव वेडा आहे, आणि हा तुझा माणूस, हा पोतं धरून उभा होता!"

इश्बेल खिडकीतून सगळं बघून धावत आली होती. तिने भावाकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. साधंसुधं नाही. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांचं हसू दाबलं होतं, तिच्या पोटात ते सगळं साठून राहिलं असावं. ती कुंपणाला धरून हसली, मग बसून हसली, मग कोबीत आडवी होऊन हसली. रस्त्यावर माणसं जमली. आणि इश्बेलच्या ध्यानात आलं की ती सगळी आपल्याकडे बघून हसताहेत, आणि आपल्याला काहीही होत नाहीये.

तिने डोळे पुसले. समोर स्ट्रूअन अजून पोतं धरून उभा होता, शहाण्यासारखा, तपकिरी.

"तू का नाही सांगितलंस रे त्यांना?"

"त्यांनी 'धरा' म्हटलं," तो म्हणाला. "हल्ली मला कुणी काही सांगतच नाही. बरं वाटलं."

इश्बेल उठली. "स्ट्रूअन, जा. ती पँट बुजगावण्याला देऊन ये."

"आत्ता? सगळ्यांसमोर?"

"माझं काही बघायचं राहिलेलं नाही," इश्बेल म्हणाली, आणि डॉडी मिल्न काकवीच्या बादलीत बसला.

स्ट्रूअन किल्ट घालून आला तेव्हा टोळीने त्याला रीतसर उरलेलं सगळं लावलं, आणि एका गाडीत नवरदेव आणि त्याच्या शेजारी मेव्हणा, अशी भांडी बडवत पिटकार्नीत मिरवणूक निघाली. बंदराच्या वळणापर्यंत रॉडरिक धुमसत होता. पोस्टापाशी एका म्हातारीने त्याच्याकडे बोट दाखवून "यातला देखणा तोच" असं म्हटलं, तेव्हापासून तो हात हलवायला लागला. दुसऱ्या दिवशी त्याने कानामागे दोन पिसं घेऊन बहिणीला चर्चमध्ये नेलं. लग्न झालं.

पुढच्या जूनमध्ये बागेत गवत कापताना स्ट्रूअनला गुडघ्यामागे गोचीड चावली आणि ताप आला. औषधांनी तो बरा झाला. डॉक्टरांनी पाय झाकायला सांगितले. तेव्हापासून तो पँट घालतो, किल्ट परत बुजगावण्याकडे गेला, आणि सकाळी चहा घेऊन इश्बेल खिडकीतून दोघांनाही हात करते.