कोंबल्या

वहिनी, तुझ्यावर लिहितेय म्हटल्यावर तू म्हणशील, "वन्सं, तुम्हाला दुसरे उद्योग नाहीत का?" नाहीत. तू मुकाट्याने चादरी मोजत बसली आहेस, मला ते जमत नाही. तेव्हा ऐक.

वहिनी बाळंतिणींच्या वॉर्डाची मोठी सिस्टर. खाटा वीस, बायका एकोणचाळीस. वरच्या मजल्यावर नवाकोरा वॉर्ड तयार, पण कुलूपबंद. उद्घाटनाला म्हणे पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. एका दुपारी बारा नंबरच्या खाटेवरून तीन दिवसांचं बाळ कडेने सरकून खाली पडलं. इवलासा हात मोडला. वहिनीने अहवालात लिहिलं, 'एका खाटेवर दोन बाळंतिणी कोंबल्या होत्या.'

मोठ्या साहेबांनी बोलावलं. कारकून कागद हातात धरून आधीच दात काढत होता. "सिस्टर, कोंबल्या की कोंबड्या?"

"कोंबड्या खुराड्यात मोजून ठेवतात," वहिनी म्हणाली.

साहेब हसले नाहीत. "हा शब्द काढा. 'वॉर्डात गर्दी होती' लिहा. अर्थ तोच."

"तोच कसा? गर्दी आपली आपण होते, साहेब. कोंबायला कोणीतरी लागतं."

"आता तुम्ही मला भाषा शिकवणार?"

"वरच्या वॉर्डाची किल्ली द्या, नाही शिकवत."

किल्ली मिळाली नाही. नवा कागद मात्र टाइप होऊन आला: 'गर्दीमुळे सिस्टरचे लक्ष राहिले नाही.' कोंबणारा वाक्यातून पसार, आणि बाळ पाडलं कोणी, तर हिने. खाली सहीची जागा हिच्यासाठी मोकळी. तिने सही केली नाही. प्रकरण सोमवारच्या चौकशीवर गेलं.

त्या संध्याकाळी तुझा फोन आला. "वन्सं, तुमचा तो जाडा शब्दकोश सोमवारी सकाळी आणून द्या. 'कोंबणे'चं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवते. माझं ऐकत नाहीत, छापलेलं तरी वाचतील."

मी म्हटलं, "शब्दकोश कसला घेऊन बसलीस, सरळ भांड." शिवाय ते धूड घेऊन तीन जिने कोण उतरणार?

सोमवारी त्यांनी तुला विचारलंच, गर्दी आणि कोंबणं यात फरक आहे, असं कुठे लिहिलंय? तू रिकाम्या हातांनी उभी होतीस. मंगळवारी तुझी बदली चादरींच्या कोठारात झाली. तिथे म्हणे जागाच जागा आहे.

शब्दकोश मी नंतर पिशवीत घातला. पानात खुणेची चिठ्ठीही ठेवली. पिशवी अजून दाराच्या खिळ्याला अडकवलेली आहे.