फायटरच्या पेटीतलं रोप

सासूबाई गेल्या आणि अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आम्ही अळणावरजवळच्या गावाहून हुबळीत, उणकलच्या फ्लॅटवर आणलं. जन्मभर भातशेती केलेला माणूस. नवरा फिरतीच्या नोकरीवर, मी दिवसभर ऑफिसात, आणि अप्पा बाल्कनीत बसून वाहनं बघत. अधूनमधून म्हणायचे, "मला गावच्या बसमध्ये बसवून दे." तिथल्या बंद घरात ते एकटे कसे राहणार? पण राहा म्हणून गळ घालावी, तर त्यांना ती दया वाटायची.

त्यांच्याच करमणुकीसाठी मी एक फायटर मासा आणला. निळाशार, शेपटी लुगड्याच्या निऱ्यांसारखी. काचेच्या पेटीत शोभेला प्लास्टिकचं झाड ठेवलं, तर त्यात अडकून त्या निऱ्यांच्या चिंध्या झाल्या. मग जुन्या हुबळीतल्या दुकानदारानं जाड पानांचं खरं रोप दिलं. "अक्का, मण्णाग हाकब्याड्री," तो म्हणाला. मातीत पुरू नका, नुसतं दगडाला दोऱ्यानं बांधा.

मी बांधलं. अप्पांना ते बघवेना. "रोपाला काय म्हसरागत बांधून घालत्यात?"

मी हसून सोडून दिलं. पण जित्याची खोड! मी कामावर गेल्यावर त्यांनी दोरा सोडला आणि भाताची लावणी करावी तसं अंगठ्यानं दाबून ते रोप तळाच्या खड्यांत खोल पुरलं. पुढे पानं पिवळी पडायला लागली. रोपाला खायला कमी पडतंय असं त्यांना वाटलं आणि तुळशीसाठी आणलेलं शेणखत त्यांनी मूठभर पेटीत घातलं.

त्या संध्याकाळी मी घरी आले तर पाणी चहासारखं झालेलं आणि मासा वर येऊन धापा टाकत होता. अप्पा पेटीशीच बसून होते.

"माझ्या हातचा गुण गेला," ते म्हणाले. "तुझ्या सासूलाबी वाचवता आलं न्हाई, ह्येबी मारलं. सकाळी बसमध्ये बसव मला."

मला रागही आला आणि रडूही. "बसचं नंतर बघू अप्पा, आधी हे पातेलं धरा."

नळाला पाणी रोज कुठलं येतंय, त्यामुळे पिंप भरलेलं असतं, आणि माशाला तसलं शिळं पाणीच मानवतं. मासा पातेल्यात सोडून आम्ही पेटी रिकामी केली, रोप उपटलं. खालचा गड्डा मऊ पडून वास मारत होता. अप्पांनी तो बोटांत फिरवला, नाकाशी नेला.

"हळदीगत आडवा वाढतोय की गं ह्यो. म्या कोंडला, म्हणून कुजला."

त्यांनी ब्लेडनं कुजकं कापून टाकलं आणि हिरवा डोळा असलेला तुकडा स्वतःच्या हातानं दगडाला बांधला.

सकाळी बसचा विषय निघाला नाही, कारण मासा अजून पातेल्यात होता. तो पेटीत परतला, तरी पानांवरचं शेवाळ पुसायचं काम अप्पांनी अंगावर घेतलं. दिवा किती वेळ लावायचा यावरून तर माझ्याशी भांडायलाही लागले. रोपाला नवं पान फुटलं, तेव्हा मला ऑफिसात अप्पांचा फोन आला. इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी मासा त्या पानावर आडवा पडलेला दिसला. मी हातातली भांडी घेऊन तशीच पेटीकडे धावले.

"निजलाय," अप्पा म्हणाले. "भांडी हळू ठेव."

मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "मी गावाला गेलो तर ह्येला बघणार कोण?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "घरी आल्यावर मलाही कोणी नसणार, अप्पा."

"मग ऱ्हातो की," ते म्हणाले.