टाचणीच्या दुपट्यावरची होडी

सगळी गल्ली तिला टाचणी म्हणायची. एक तर अंगाने तशीच, फुंकर मारली तर उडेल अशी. आणि दुसरं, दिवसभर ओठांत दोन-तीन टाचण्या धरलेल्या. त्यामुळे बोलायची ती ओठांच्या एका कोपऱ्यातून. टाचण्या नसल्या तरी तशीच.

वळणावर तिचं दुकान. दुकान कसलं, दोन खुर्च्या, एक शिलाई मशीन आणि एक खिडकी. काम दुरुस्तीचं. पँट लांब झाली, आखूड कर. चेन तुटली, बदल. पोट सुटलं, कंबर सैल कर. चाळीस वर्षं तिने जगाचं उसवलेलं शिवलं, पण आपल्या मनाने नवं असं बोटभर कापड कधी कापलं नाही. कुणी पोरीचा फ्रॉक शिवून मागितला तर म्हणायची, "ते माझं काम नव्हे बाई. मी आपली डागडुजीवाली."

आणि ह्या टाचणीने एका मंगळवारी एकदम कबूल केलं, की मी दुपटं शिवते. तेही साधंसुधं नाही, समुद्र आणि होडी असलेलं.

झालं असं, की तिच्या थोरल्या बहिणीच्या मुलीला बाळ झालं होतं. जावई मालाच्या जहाजावर. बाळ अडीच महिन्यांचं झालं तरी बापाने ते फोटोतच पाहिलेलं. आता तो येणार होता, रविवारी, चारच्या लाँचने. भाची दुकानात आली आणि म्हणाली, "मावशी, धक्क्यावर बाळाला अशा दुपट्यात घेऊन उभं राहायचंय मला, की ज्याच्यावर होडी घराकडे येतेय. जाणाऱ्या मी पुष्कळ पाहिल्या गं. मला येणारी हवी."

टाचणीने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं हो. टाचण्याही पडल्या.

मग काय, तिला भूक लागेना की तहान. मशीनखाली एक पत्र्याची पेटी होती. आखूड केलेल्या कपड्यांचे कापून उरलेले काठ ती कधी टाकायची नाही, सगळे तिथे. त्या दिवशी पेटी उपडी केली आणि हरखूनच गेली. समुद्र झाला शाळेच्या निळ्या पँटांचा. चाळीसेक पट्ट्या, पण एकीचा निळा दुसरीसारखा नाही, कारण कुणाची पँट नवी, कुणाची थोरल्या भावाची उतरलेली. वाळू झाली पोस्टमनच्या खाकीची. शीड डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीचं. त्यावर शाईचा डाग होता, तो तिने मुद्दाम ठेवला. म्हणाली, पक्षी दिसतोय. होडी हेडमास्तरांच्या तपकिरी कॉर्डरॉयची. आणि डाव्या काठाला लाल दाराचं एवढंसं घर.

थोरली बहीण दाराशी खुर्ची टाकून बसलेली. तिच्या डोळ्यांची गंमत होती. ताटातलं दिसायचं नाही, पण समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या शर्टाची बटणं मोजून सांगायची.

"ताई, बघ ना लाटा कशा जमल्यात."

"जवळून मला सगळं पिठल्यासारखं दिसतं. झालं की लांब धर. आणि जेव आधी."

"हातातलं संपवते."

"चार दिवस हेच ऐकतेय. उद्या तुला सुईत ओवायची वेळ येईल."

रविवारी दुपारी एकला शेवटचा धावदोरा संपला. तिने बोटातलं अंगुस्तान काढलं, दुपटं दोन्ही हातांनी उंच धरलं आणि मागे मागे भिंतीला जाऊन टेकली.

ताई डोळे बारीक करून बघत राहिली. "छान झालंय गं. खरंच छान. पण ही होडी निघाली कुठं?"

"निघाली म्हणजे? घरी येतेय."

"घर डावीकडे. होडीचं तोंड उजवीकडे. अगं, चाललीय ही. चांगली शीड भरून चाललीय."

टाचणीने दुपटं मशीनवर पसरलं आणि होडीच्या टोकावरून बोट फिरवलं. खरंच, उजवीकडे. चाळीस वर्षांची सवय नडली होती. पँट दुरुस्त करायची ती उलटी करून. खडूची खूण आतल्या बाजूला, माप आतल्या बाजूला. होडीच्या नमुन्याचा कागदही तिने तसाच कापडाच्या आतल्या बाजूला लावला आणि कापला. पँटचे दोन्ही पाय सारखेच, तिथे काही बिघडत नाही. होडीला मात्र तोंड असतं. आणि चार दिवस ती दुपट्यात नाक खुपसून बसलेली, एकदासुद्धा लांबून बघितलं नाही.

"उसव आणि फिरव," ताई म्हणाली.

"फिरवली की कॉर्डरॉयची उलटी बाजू वर येईल. पोत्यासारखी दिसेल. आणि दुसरी कापायला तेवढा तुकडाच नाही."

"मग राहू दे. जावयाला काय कळतंय?"

"जहाजावरचा माणूस तो, ताई. होडीचं तोंड त्याला नाही कळणार? आणि पोरीने एवढी एकच गोष्ट मागितली होती."

खरं सांगायचं तर तिच्या मनात आलं, आपण डागडुजीवाल्या, कशाला नसत्या भानगडीत पडलो. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. आणि तेवढ्यात तिचं तिलाच हसू फुटलं. डागडुजीच तर आपल्याला येते. सैल झालं की घट्ट, उणं पडलं की जोड.

"ताई, होडी वळत नाही ना, मग किनारा वळवते."

"काय बडबडतेस?"

"उजवीकडे घर बांधते."

"आता? दीड वाजला. आणि कापड?"

पेटीत घराजोगं काही उरलं नव्हतं. टाचणीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि कात्री घेऊन आपल्याच एप्रनचा खिसा उसवला. पिवळा, चौकोनी, वापरून मऊ झालेला. उजव्या काठाला ठेवला, खाकी वाळूची एक पट्टी खाली सरकवली, वर छपराचा त्रिकोण. तीन बाजू शिवल्या, वरची उघडीच ठेवली. दाराच्या जागी लाल दोऱ्याचे टाके, दार सताड उघडं. बोटं नुसती पळत होती. ताई दारातून उंटावरून शेळ्या हाकत होती. "छप्पर वाकडं जातंय. डावीकडे घे. तुझ्या डावीकडे नाही गं, माझ्या."

साडेतीनला दोघी धावत निघाल्या. धावत म्हणजे टाचणी पुढे आणि ताई मागून, "अगं माझे गुडघे," म्हणत.

भाची धक्क्यावर उभीच होती. तिने दुपटं उलगडलं, बघितलं. पटकन बाळाला त्यात गुंडाळलं, होडी आणि पिवळं घर वर येईल असं. लाँच लागली. जावई उतरला, बॅग तिथेच टाकली आणि हात पुढे केले. बाळाला घेऊन कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. मग त्याची नजर खाली गेली. त्याने होडीवर बोट ठेवलं, निळ्या पट्ट्यांवरून हळूहळू पुढे नेलं आणि पिवळ्या घराच्या खिशात घातलं.

"लागली," एवढंच म्हणाला.

भाची हसता हसता रडायला लागली. मग त्याने डावीकडे पाहिलं. "मावशी, हे दुसरं घर कुणाचं?"

टाचणीच्या आधी ताई बोलली. "तुझ्या कंपनीचं. म्हणून दार बंद आहे."

टाचणीचं मात्र कुणाकडे लक्ष नव्हतं. पिवळ्या घराच्या छपराशी कच्च्या टाक्याचा एक पांढरा दोरा लोंबत होता. ती पुढे झाली, सगळ्या लोकांदेखत वाकली आणि तो दातांनी तोडला.