भूमितीत डिंक नसतो

माझा थोरला भाऊ पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात तीस वर्षं साचे काढत होता. खोकं कधी उभं काढत नाहीत. ते उलगडून सपाट काढायचं आणि कडेला बोटभर पट्टी सोडायची, डिंक लावायला. पट्टी विसरली की हजार पुठ्ठे रद्दीत. दादा एकदाही विसरला नाही.

शिक्षण दहावीपर्यंत. पण डोक्यात किडा शिरला: सपाट पुठ्ठा दुमडला की खोकं होतं, मग खोकीच दुमडली तर? त्यासाठी चौथी दिशा हवी, आणि ती आपल्या जगात नाही. तरी शाळेतली भूमिती तिथे चालेल का, एवढंच त्याला हवं होतं. वहिनी म्हणायची, "तीन दिशांत संसार मावेना, चौथी कशाला शोधताय?"

सहा वर्षं त्याने कागद काळे केले. एक फूट बाजूच्या चौरसाचा कर्ण म्हणजे दोनाचं वर्गमूळ. खोक्याच्या आतून या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिनाचं. दोन्हींची दशांशाची शेपटी संपतच नाही. आणि चौथ्या मितीत चाराचं, म्हणजे बरोब्बर दोन फूट! त्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, "अगं, तिथे तर इथल्यापेक्षा नीटनेटकं आहे." मला ओ की ठो कळलं नाही, पण देवाजवळ दिवा लावला.

कुणा जाणत्याने 'बरोबर' म्हणावं, एवढाच त्याचा हट्ट. कॉलेजातल्या प्राध्यापकांची वेळ मिळायला चार महिने गेले. वहिनी आली नाही. पिशवी धरून दादाबरोबर मीच गेले. पिशवीत आठ खोकी चिकटवलेला नमुना होता: चारांची चळत, आणि त्यातल्या एकाच्या चारही अंगांना चार.

प्राध्यापकांनी तो फिरवून पाहिला. "आठ घन ठीक. पण बाहेरून हे चपटे पुठ्ठे कसले?"

"दुमडल्यावर चिकटवायला, सर. पट्टी नको का?"

"अहो, भूमितीत डिंक नसतो!"

खोलीतले बाकीचे शिक्षक खो खो हसले. दादाही हसला, कसनुसा. मग त्याने घडी घातलेला कागद पुढे केला. "कर्णाचं तेवढं बघता का? दोन येतंय."

"आधी पाया पक्का करा." कागद न उघडताच त्यांनी नमुन्यावर ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं.

रस्त्यात दादा म्हणाला, "चुकलंच असणार. त्यांना न बघता कळलं." दुसऱ्या दिवशी नमुना आणि सहा वर्षांचे कागद त्याने आपल्या हाताने कारखान्याच्या रद्दीत टाकले.

नऊ वर्षांनी माझी मुलगी त्याच कॉलेजात गेली. एका दुपारी पुस्तक घेऊन धावतच मामाच्या घरी आली. मी तिथेच होते.

"मामा, तुझं दोन बरोबर होतं! बघ, पहिल्याच धड्यात आहे."

दादाने चष्मा लावून ओळ वाचली. पुन्हा वाचली. "पुस्तक कधीचं गं?"

"जुनंच आहे. हे सगळ्यांना माहीत असतं."

"म्हणजे त्यांनाही होतं."

पोरीचा चेहरा पडला. दादाने पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. "चहा घेऊन जा," म्हणाला. ती आत गेल्यावर माझ्याकडे वळला. "'हो' म्हणायला कितीसा वेळ लागतो गं?"

मी रोज देवापुढे बसते, वैऱ्याचंही भलं मागते. त्या प्राध्यापकांचं मात्र तोंडून निघत नाही. देवाला ठाऊक आहे, मी प्रयत्न केला.