पुरणातली कणी

अंबडच्या बाजूला फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या माणसाने स्वयंपाकघरातला नळ सोडून दाखवला होता. धार चांगली जाड होती. आम्ही धार पाहिली, पाणी कोणी चाखलं नाही. पंचवटीत भाड्याच्या दोन खोल्यांत सकाळच्या तासभर पाण्यावर वर्षं काढलेली माणसं आम्ही, चोवीस तास पाणी म्हटल्यावर हुरळून गेलो.

ते पाणी महापालिकेचं थोडं आणि बोअरचं फार, दोन्ही एकाच टाकीत. सहा महिन्यांत नळांच्या तोंडाशी पांढरा क्षार साचला. ताटं कितीही घासा, वाळली की डाग वर येत. टॉवेल पापडासारखे कडक. साबण झिजायचा, पण फेस नाही. मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे तीनदा गेले.

"वहिनी, कॅल्शियम आहे पाण्यात, हाडांना चांगलं," ते हसत म्हणाले. त्यांच्या स्वत:च्या ओट्याखाली विकतच्या पाण्याचे जार होते, दारातून मला स्पष्ट दिसत होते. असा संताप झाला की जिना उतरताना मी चप्पल घालायलाही विसरले.

नळांसाठी मी अशी भांडत होते. डाळीचं मात्र डोक्यात आलं नाही.

सासूबाईंचं पुरण पंचवटीतल्या आमच्या गल्लीत नावाजलेलं होतं. सणाच्या आदल्या दिवशी शेजारणी डाळ किती वेळ शिजवायची ते विचारायला यायच्या. नव्या घरातल्या पहिल्या होळीला तेच पुरण बिघडलं. डाळ दोन तास उकळली तरी दाणा दाण्याला सोडून. पुरण वाटलं तरी कणी राहिली, पोळ्या तव्यावर फाटल्या. "चिमूटभर सोडा घाला," मी म्हटलं. नैवेद्याला सोडा चालत नाही, त्या म्हणाल्या. घरातला फिल्टर थेंबथेंब गाळायचा, म्हणून ते पाणी फक्त प्यायला, असा मीच नियम केलेला.

"पाणी जड आहे गं," त्या म्हणाल्या. "पंचवटीतून दोन कळश्या आणून दे, मग बघ."

मला वाटलं, माझी रोजची कटकट ऐकून यांना आयतं निमित्त सापडलं. इतक्या ट्रॅफिकमधून कळशीभर पाणी आणायला जायचं, तेही घरात नळ धो धो वाहत असताना. त्या गॅलरीत आहेत असं समजून मी फोनवर बहिणीला म्हटलं, "वय झालं, हात गेला, पण कबूल करायचं नाही. नाचता येईना अंगण वाकडं."

पुढे अक्षय्य तृतीया आली. त्या दिवशी आमच्याकडे सासऱ्यांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरून पूजतात आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. पुन्हा फजिती नको म्हणून मी पोळ्या विकत आणल्या आणि त्यांना न विचारता पानात वाढल्या. सासूबाईंनी पान उचलून घागरीपुढे ठेवलं, हात जोडले. नंतर त्यांनी स्वत: फक्त भात खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून त्या ओट्याशी आल्या नाहीत. भाजी निवडून द्यायच्या, बस. मी लोकांना सांगत होते, आता त्यांना आराम दिलाय.

त्या होळीला वर्ष होत आलं तेव्हा गीझर बंद पडला. प्लंबरने आतली कॉइल बाहेर काढली. तिच्यावर बोटभर जाड पांढरा थर होता. पान्याने ठोकल्यावर त्याचे टवके न्हाणीभर पडले.

"ताई, लय जड पाणी हाय. याच्यात डाळ तरी शिजती का तुमची?"

सासूबाई समोरच मेथी निवडत बसल्या होत्या. मला खूप लाज वाटली. परक्या माणसाने एका वाक्यात जे सांगितलं, तेच घरच्या बाईने वर्षापूर्वी सांगितलं होतं, आणि मी तिच्या हातातला डाव काढून घेतला होता. सेक्रेटरींनी माझ्याशी जे केलं तेच मी सासूबाईंशी केलं होतं. फक्त हसले नव्हते.

यंदाच्या अक्षय्य तृतीयेला पहाटे मी स्कूटर काढली, पंचवटीतल्या जुन्या घरमालकांच्या नळावर दोन कॅन भरले, पायाशी ठेवून आणले. कॅन ओट्यावर ठेवले आणि बाजूला झाले. सासूबाईंनी कॅनची झाकणं उघडली. मग पदर खोचला. आधी घागर भरली, उरलेल्या पाण्यात डाळ शिजत टाकली.

तासाभराने त्यांनी मला हाक मारली. डावातून एक दाणा काढून फुंकून माझ्या तळहातावर ठेवला.

"दाब."

बोट लावलं आणि दाणा लोण्यासारखा पसरला.

"आता सांग," त्या शांतपणे म्हणाल्या, "अंगण वाकडं होतं का नाही?"

म्हणजे त्या दिवशी त्यांनी ऐकलं होतं. वर्षभर ते पोटात ठेवून माझ्यासाठी भाज्या निवडत होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्या गॅस बारीक करत म्हणाल्या, "राहू दे. गूळ चिर आधी."