मतदानाच्या दिवशीचा खोकला

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती तेव्हा माहेरी, पुण्यात होती. आज सांगतोय, आणि खरं सांगू? पहिलं वाक्य लिहिलं तेव्हाच निम्मं ओझं उतरलं.

वसुधाला तुम्ही ओळखत नाही. इथे परदेशात, क्रेगीबर्न उपनगरात, आमच्या मागच्याच गल्लीत राहते, वृद्धांच्या होममध्ये नर्स आहे. लॉकडाऊनमध्ये अडकलेल्या स्टुडंट्सना शिफ्ट संपवून डबे पोचवायची. मग एक दिवस म्हणाली, मी खासदारकीला अपक्ष उभी राहतेय. इथे मोठे पक्ष दोनच. एकाला आमची सीट खिशात असल्यासारखी वाटते, दुसरा इकडे फिरकत नाही. म्हणून धड बस नाही, की धड रस्ता नाही. तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. इथे मतदान केंद्राच्या दारातही प्रचार चालतो; मी म्हटलं, मतदानाच्या दिवशी शाळेच्या गेटवर तुझी पत्रकं मी वाटणार, नो वरीज.

म्हटलं खरं.

पण मी मराठी मंडळाचा सेक्रेटरी. गणपतीला हॉल एका पक्षाच्या माणसाच्या शब्दावर मिळायचा, आरतीला दुसऱ्या पक्षाचा पाहुणा यायचा. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी तर दोन्ही घरी जेवत आलेला. त्या गेटवर दोघांचीही माणसं असणार — आणि मधोमध मी, वसुधाचा नारंगी टी-शर्ट घालून? आदल्या दिवसापर्यंत तिला हो-हो करत राहिलो. सरळ नाही म्हणायला काय झालं होतं? तेवढीही हिंमत नव्हती हो.

आणि गंमत बघा — इथे उमेदवारांना पसंतीचे नंबर द्यायचे असतात, आणि आधीच अर्ली वोटिंगला जाऊन एक नंबर मी तिलाच देऊन आलो होतो. मत द्यायच्या पुठ्ठ्याच्या आडोशाला मी भलताच शूर.

मतदानाच्या सकाळी तिला मेसेज केला: टेस्टवर दोन रेघा आल्यात, कोविड झालाय.

टेस्ट मी केलीच नव्हती. किट ड्रॉवरमध्ये तसंच पडून होतं.

तिच्याकडे दुसरं माणूस नव्हतं. आमच्या शाळेच्या गेटवर दिवसभर तिच्या बाजूने कोणीच उभं राहिलं नाही. संध्याकाळी, मोजणी चालू असताना, ती आमच्याकडे आली. दारात डबा ठेवला आणि मास्क लावून मागे ड्राइव्हवेवर जाऊन थांबली. "सुहास, गरम आहे तोवर खा. गेटचं मनाला लावून घेऊ नकोस रे, तब्येत आधी." मी खिडकीतून हात हलवला. आणि खोकलो — मुद्दाम, तिला ऐकू जाईल असा.

शेजारी माझी लेक उभी होती. "बट डॅड, यू आर नॉट सिक," म्हणाली. मी तिला गप्प केलं.

वसुधा पडली. मी गेटवर असतो तरी पडलीच असती, असं स्वतःला खूप ऐकवून झालं. ते आता पुरे. ती अजूनही भेटली की विचारते, कोविडनंतर दम लागतो का रे? आणि मी म्हणतो, आता बरंय.

मंडळाचं पद सोडलं. हे छापून आलं की ती वाचेल. वाचू दे. किती दिवसांनी मोकळं वाटतंय.

वसुधा, मला काही झालं नव्हतं. मी घाबरलो होतो.

मुगाची खिचडी होती, वर तूप. मी पोटभर खाल्ली.